हस्तिदंताची प्रार्थनापोथी

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात तळहातावर मावेल एवढी एक हस्तिदंती पोथी आहे. सुमारे १३३० ते १३५० च्या दरम्यान जर्मनीत, ऱ्हाईनच्या खालच्या खोऱ्यात, बहुधा कोलोन नगरीत ती घडविली गेली. ती वाचावयाची नव्हे, पाहावयाची पोथी होय.

हस्तिदंत युरोपात दूरच्या प्रवासाने, बहुतांशी आफ्रिकेतून, येत असे. सुळा मुळाशी पोकळ, टोकाकडे भरीव. फलकाची रुंदी सुळ्याच्या जाडीने ठरते. म्हणून असले फलक लहानच. त्या काळी मेण थापलेल्या पाट्यांवर टिपणे करीत, त्या पाट्यांच्या जुडग्यासारखीच हिची घडण आहे. बाहेर कोरीव काम आणि आतल्या पानांवर रंगीत चित्रे. (हस्तिदंत म्हणजे शुभ्रच, हा आपला समज, पण मध्ययुगात त्यावर रंग आणि सोनेही चढवीत.)

आत ख्रिस्ताचे दुःखसहन आहे, परंतु कथा सलग सांगितलेली नाही. एका ठिकाणी यहूदाने घेतलेली चांदीची नाणी, दुसरीकडे नुसते थुंकणारे एक तोंड. आणखी एका पानावर केवळ पावलांचे ठसे. क्रूस वाहणारा प्रभू तेथे दिसतच नाही. ज्याला शुभवर्तमानातील कथा तोंडपाठ आहे, त्याने ती पावले पाहून मनानेच कालवारीची वाट चालावी, अशी ही योजना. आपल्या देवळांतील क्रुसाच्या वाटेची चौदा स्थाने पोपने १७३१ साली निश्चित केली. ही पोथी त्याच्या चारशे वर्षे आधीची.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. थुंकणारी अशी तोंडे त्या काळी यहुद्यांची म्हणून रंगवीत. प्रभू स्वतः यहुदी कुळात जन्मला, याचा भक्तांना विसर पडला होता. १३४९ च्या ऑगस्टमध्ये कोलोनच्या यहुदी वस्तीवर जमाव चालून गेला आणि तेथील लोकांची कत्तल झाली. त्या जमावात अशा चित्रांपुढे डोळे मिटून बसणारी माणसे नसतील, असे मला म्हणवत नाही. म्हणून मी मुलांना ह्या पोथीविषयी सांगतो, तेव्हा थुंकणाऱ्या तोंडाचे पान वगळीत नाही.