घरातील धूर आणि मेंदूचे आवरण

निपाणीत तंबाखूविषयी बोलताना वक्त्याची जीभ थोडी अडखळतेच. येथील वखारींनी आणि विड्या वळणाऱ्या स्त्रियांच्या हातांनी असंख्य घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या आहेत. तरीही मेनिंजायटिस, म्हणजे मेंदू व मज्जारज्जू यांवरील आवरणाचा दाह, कोणास अधिक संभवतो हे पाहू लागलो की विडीपाशी यावेच लागते.

या रोगाचा एक कुप्रसिद्ध जंतू म्हणजे मेनिंगोकॉकस. सुमारे दहांपैकी एका निरोगी माणसाच्या घशात तो निमूटपणे वसत असतो. धुराने नाकाघशातील नाजूक अस्तर दुखावले की त्याला रक्तात शिरण्याची वाट सुकर होते. धूम्रपान करणाऱ्यांच्या घशात तो अधिक वेळा आढळतो आणि खोकल्यातून, निकटच्या श्वासातून घरच्यांपर्यंत पोहोचतो. विडी ओढणारा बहुधा धडधाकट राहतो. आजारी पडायचे ते त्याच्या मांडीवरचे मूल. येथे एक भेद केलाच पाहिजे. दोष सिद्ध झाला आहे तो धुराचा. विडी वळणाऱ्या हातांवर तो ढकलता येणार नाही.

दुसरे कारण दाटीचे. बेळगावात १९२२ पासून मराठा पलटणीचे केंद्र आहे, त्यामुळे बराकीतील जीवन या भागास परके नाही. पहिल्या महायुद्धात डॉ. ग्लोव्हर यांनी ब्रिटिश छावणीतील जवानांचे घसे तपासले. खाटा एकमेकींना भिडू लागल्या की जंतूचे वाहक वाढत. खाटांत अंतर ठेवताच ते घटत. वसतिगृहाच्या खोल्यांनाही हाच न्याय लागू आहे.

क्षयाचे जंतू याच आवरणापर्यंत पोहोचतात, पण सावकाश, बारीक ताप व डोकेदुखीच्या पावलांनी. घरातील वडीलधाऱ्या माणसाच्या खोकल्याचे निदान लांबले, तर लहान मूल धोक्यात येते. जन्मतः टोचलेली बी.सी.जी. लहानग्यांना या प्रकारापासून चांगलेच संरक्षण देते.

वाहणारा कान मात्र आपण फारच हलका लेखतो. तेलाचे चार थेंब सोडून स्वस्थ बसावे आणि पू आतल्या हाडातून आवरणाकडे सरकावा, असे घडू शकते. तसेच पुणे-बंगळूर महामार्गासारख्या रस्त्यावरील अपघातात ज्याची प्लीहा काढावी लागली, त्याचे शरीर अशा जंतूंशी झुंजण्यात कायमचे उणे पडते. जखम भरते, टाके निघतात. पण लस घ्यावयाची आहे हे त्याला कोणी सांगितलेले असतेच असे नाही.