कागदाची फुले आणि मरोळचा एक अनुभव



आपल्या या पत्रकात बेणे, खत, पाण्याच्या पाळ्या आणि गळिताचे आकडे यांचीच गर्दी असते. त्यात कागदाच्या फुलांचा लेख बघून काही मंडळी पान उलटतील. पण घरातल्या बायका हे पान वाचतील अशी खात्री आहे, आणि बचत गटाचे कर्ज कोणत्या धंद्यात घालावे हा प्रश्न शेवटी आपल्याही घरचाच आहे. शिवाय कागद आणि ऊस यांचे नाते जवळचे आहे, ते पुढे येईलच.

आमची थोरली बहीण, आक्का, मुंबईत अंधेरीजवळ मरोळला राहते. दाजी तिथल्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला होते. मरोळ आता मेट्रोचे स्टेशन झाले असले तरी आत शिरले की जुने गावठाण आहे, कौलारू घरे आहेत, आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. त्यांचे १५७९ साली बांधलेले जुने चर्च आज सीप्झच्या आवारात पडक्या अवस्थेत उभे आहे. आक्काची शेजारीण त्यांच्यापैकीच. नाताळची कार्डे ती घरीच करायची. तिच्याकडून आक्का शिकली आणि मग चौघी-पाचजणी मिळून हाताने केलेली, कागदी फुले लावलेली भेटकार्डे दुकानांना पुरवू लागल्या.

हिशेब असा सांगितला. एका कार्डाला कागद, पाकीट, डिंक धरून दहा रुपये लागतात. दुकानदार पस्तीस देतो. एका बाईच्या हातून दिवसात बारा कार्डे होतात. म्हणजे सुटले तीनशे. भांगलणीच्या रोजाशी तुलना ज्याची त्याने करावी. सावलीतले काम आहे, एवढे मात्र खरे.

आता अनुभव ऐका. राखीपौर्णिमेसाठी १४० कार्डांची मागणी आली. जुलैत माल दिला, आणि आठ दिवसांत सगळीच्या सगळी कार्डे परत आली. फुले बसली होती! पाकळ्या उघड्या पडून कार्डाला चिकटलेल्या, जणू कोणी पायाखाली घेतल्यासारख्या. चौदाशे रुपयांचा माल आणि एका बाईचे बारा दिवस पाण्यात गेले. दुकानदाराचे काही चुकले नाही, गिऱ्हाईक असले फूल घेणार नाही. पण झाले कशाने?

हे समजायला कागद म्हणजे काय ते आधी पाहू. कागद म्हणजे वनस्पतीचे बारीक तंतू पाण्यात कालवून, चाळणीवर पसरून वाळवलेला थर. त्या तंतूंना एकत्र धरायला मुख्यतः डिंक लागत नाही, पाणी उडून जाताना ते एकमेकांना आपोआप धरतात. पुन्हा ओल लागली की ही पकड ढिली होते आणि वाळले की ज्या आकारात असतील त्या आकारात पुन्हा बसते. सुती लुगड्यावर पाणी शिंपडून इस्त्री फिरवतात, त्यातले गमक हेच. आणि तेच लुगडे दमट हवेत नेसून बसले की चुरगळते, त्याचेही कारण हेच. फूल करणे म्हणजे कागदाला एका आकारात इस्त्री करणे, असे समजा.

कृती सांगतो. पाच पाकळ्यांचे तीन आकार कापायचे, मोठा, मधला, धाकटा. ब्रश ओला करून त्यावर नुसता फिरवायचा. कागद दमट व्हावा, चिंब नको, चिंब झाला की लगदा होतो. मग जुन्या स्लिपरच्या तळव्यावर किंवा घडी घातलेल्या जाड फडक्यावर तो ठेवायचा आणि गोल बुडाच्या चमच्याने, नाहीतर काचेच्या गोटीने, पाकळीच्या टोकाकडून मध्याकडे घोटत यायचे. पाकळी वाटीसारखी वर येते. उलटी करून फक्त टोक दाबले की ते मागे वळते, खऱ्या गुलाबाचे वळते तसे. तिन्ही थर वाळले की एकावर एक चिकटवायचे, पण वरच्याची पाकळी खालच्या दोन पाकळ्यांच्या फटीवर यायला हवी. मधोमध पिवळ्या रंगात भिजवून वाळवलेला रवा डिंकावर भुरभुरला की पराग झाले.

ज्यांना एवढा खटाटोप नको त्यांनी वीतभर नसले तरी चार बोटे रुंद वर्तुळ घ्यावे, कडेपासून मध्यापर्यंत चकलीसारखे कापत जावे आणि बाहेरच्या टोकाकडून गुंडाळावे. सोडले की थोडे उलगडते, गुलाब होतो. मध्ये उरलेल्या गोलावर चिकटवून टाकावे. नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी.

कागद कोणता घ्यावा, यात मात्र खरी मेख आहे. गिरणीच्या कागदात तंतू बहुतेक एकाच दिशेने लोळलेले असतात, कारण यंत्रावर लगदा पुढे धावत असतो. असा कागद त्या दिशेला समांतर सहज वळतो, आडवा वळायला कुरकुरतो. पाच पाकळ्यांची तोंडे पाच दिशांना, त्यामुळे दोन पाकळ्या छान वळतात आणि बाकीच्या रुसतात. आक्काला वाटायचे आपलाच हात वाईट. हातकागदात तंतू सगळ्या दिशांनी पडलेले असतात आणि ते बहुधा सुती चिंध्यांचे, लांब असतात. तो सगळीकडे सारखा वळतो. आपल्याकडे ही विद्या जुनी आहे. दौलताबादजवळचे कागजीपुरा हे गाव तिच्याच नावाने ओळखले जाते. १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने ग्रामोद्योग संघ निघाला, त्याने वर्ध्याच्या मगनवाडीत हातकागदाला हात दिला, आणि पुण्यात १९४० पासून हातकागद संस्था आहे.

आणि आपला ऊस? शंभर टन ऊस गाळला की अठ्ठावीस-तीस टन ओले बगॅस निघते. आपण ते बॉयलरला घालतो, वीज करतो. तामिळनाडूत कागितपुरमच्या सरकारी कागद कारखान्यात १९८४ पासून बगॅसचा कागद होतो, साखर कारखान्यांना दुसरे जळण देऊन तिथे बगॅस घेतले जाते. मात्र बगॅसमधला भुसा काढून टाकावा लागतो आणि उरलेला तंतू आखूड असतो, मिलिमीटर-दीड मिलिमीटर. त्यामुळे हा कागद गुळगुळीत, कडक होतो. लिहायला, छापायला, चकलीच्या गुलाबाला चांगला. खोल वाटीची पाकळी करायला गेले की चिरतो. आपल्या उसाचा म्हणून त्याची खोटी तारीफ करण्यात अर्थ नाही.

आता १४० कार्डांचे काय झाले ते. आम्ही परत आलेली पंधरा-वीस कार्डे उलगडून बघितली. घाईत फुले पुरती वाळायच्या आधीच प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरली होती, ओल आत कोंडली. पिशव्या एकावर एक रचल्या, भार पडला. आणि वर मुंबईचा जुलै. यातले एकेक कदाचित निभले असते, तिन्ही एकत्र आले आणि घात झाला.

आक्का आता आकार देण्याआधी कागदाला एक भाग फेव्हिकॉल आणि तीन भाग पाणी असा पातळ हात देते, वाळवते, मगच दमट करून घोटते. (फेव्हिकॉल १९५९ पासूनचा, आणि ती कंपनी आक्काच्या घरापासून फार लांब नाही, पण डबा तिला आपल्याच भावात मिळतो.) असे फूल दमट हवेत पुष्कळ तग धरते. पिठाची खळ स्वस्त पडते, पण तिला बुरशी येते आणि झुरळे लागतात. पुस्तक बांधणारे त्यात मोरचूद घालतात. मोरचूद विषारी, लहान मुलांच्या घरात तो वापरू नये. फुले पंख्याखाली दोन दिवस ठेवायची, आणि कार्डे पिशवीऐवजी फुलाहून बोटभर उंच खोक्यात, उभी भरायची. पावसाळ्यात मोठी मागणी घ्यायची नाही, असेही तिने ठरवले आहे. मला ते पटले, दाजींना पटलेले नाही.

आमच्या सूनबाईला हाच उद्योग आपल्या गटातून करायचा आहे. सहा हजारांचे कर्ज मागते. मी म्हणालो, आधी परीक्षा घे. तिने तीन गुलाब केले, एक साध्या कागदाचा, एक फेव्हिकॉलचा हात दिलेला हातकागदाचा आणि एक बगॅसच्या कागदाचा, चकलीचा. तिन्ही माठाशेजारी ओल्या फडक्याच्या आडोशाला आठ दिवसांसाठी ठेवले आहेत. हे लिहिताना चौथा दिवस आहे. साध्या कागदाचा कालच बसला. बाकीचे दोन अजून ताठ आहेत.