सलामीच्या आदल्या दिवशीची पोटरी

तिचा फुटबॉल : लेखांक सातवा

सॅम करची पोटरी दुखावली ती १९ जुलै २०२३ ला, सरावात. दुसऱ्या दिवशी रात्री आठ वाजता सिडनीत ऑस्ट्रेलियाची आयर्लंडशी गाठ होती. विश्वचषक घरच्या मैदानावर, त्यातला आपला पहिला सामना, आणि कर म्हणजे संघाची कर्णधार, ऑस्ट्रेलियाकडून सर्वाधिक गोल केलेली खेळाडू. स्पर्धेच्या जाहिरातींत तीच, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत तीच, दुकानात टांगलेल्या शर्टांवर तिचाच २० हा आकडा. ही दुखापत संघाने जवळजवळ दिवसभर पोटात ठेवली. लोक मैदानाकडे निघाले तरी त्यांना पत्ता नव्हता. सामन्याला साधारण तासभर राहिला असताना बातमी फुटली: कर आज खेळणार नाही, आणि पुढच्या सामन्यातही नाही.

मागच्या आठवड्यात आपण १९२१ च्या इंग्लंडमध्ये होतो. बायकांच्या सामन्यांना गर्दी होऊ लागली म्हणताच तिथल्या फुटबॉल संघटनेने त्यांना आपल्या क्लबांच्या मैदानांवर बंदी घातली आणि ती जवळजवळ पन्नास वर्षं टिकली, हे पाहिलं. आज शंभर वर्षं पुढे उडी मारायची आहे, आणि तीही फार तर एका दिवसापुरती. मोठ्या स्पर्धेच्या पहिल्या सामन्याची वाट पाहताना नेमकं काय काय घडत असतं, हा आजचा विषय.

पुरुषांच्या विश्वचषकात पहिल्या सामन्याआधी चर्चा असते ती कोण जिंकणार याची. लोक येतील का, असं कुणी विचारत नाही. बायकांच्या स्पर्धेत हा प्रश्न निकालाच्याही आधी येऊन बसतो. पहिल्या सामन्याला किती माणसं आली, यावरून पुढचे प्रायोजक, प्रक्षेपणाचे हक्क, क्लबांचे पगार अशा कितीतरी गोष्टींची बोलणी चालतात. खेळाडूंना हे पुरतं ठाऊक असतं. त्या रात्री सिडनीत अकरा जणी मैदानात उतरल्या तेव्हा गर्दीचा निकाल लागून गेला होता. उरला होता तो खेळाचा.

गर्दीची गोष्ट अशी. ऑस्ट्रेलियाचा हा सामना आधी सिडनी फुटबॉल स्टेडियमवर ठरला होता. तिथे चाळीस-बेचाळीस हजार माणसं मावतात. तिकिटांची मागणी पाहून जानेवारी २०२३ मध्ये तो स्टेडियम ऑस्ट्रेलियावर हलवला, म्हणजे २००० च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या मैदानावर. आले ७५,७८४ प्रेक्षक. आयोजकांनी वेळीच अंदाज बदलला याचं मला कौतुक वाटतं, कारण हे नेहमी होत नाही. एकच वर्ष आधी इंग्लंडमधल्या युरो स्पर्धेचा पहिला सामना ओल्ड ट्रॅफर्डवर ६८,८७१ लोकांनी पाहिला, आणि त्याच स्पर्धेतले काही सामने मँचेस्टर सिटीच्या अकादमीच्या छोट्या मैदानावर ठेवले होते, जिथे त्या स्पर्धेत पाच हजार माणसांनाही जागा नव्हती. आइसलँडच्या सारा ब्योर्क गुन्नर्सडोटिरने त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली होती. तिचं म्हणणं रास्तच होतं. छोटं मैदान निवडायचं आणि मग गर्दीच कमी झाली म्हणायचं, हा खेळ जुना आहे.

आधीच्या महिला विश्वचषकांतले यजमानांचे पहिले सामने बघा. १९९१ मध्ये चीनमध्ये पहिली स्पर्धा झाली तेव्हा तिला ‘विश्वचषक’ म्हणायचं धाडसही फिफाने केलं नव्हतं. ‘महिला फुटबॉलची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा’ असं लांबलचक नाव होतं, त्यात एका चॉकलेटच्या ब्रँडचं शेपूट, आणि सामने नव्वदऐवजी ऐंशी मिनिटांचे. तरीही ग्वांगझूमध्ये चीनने नॉर्वेला ४-० हरवलं तेव्हा साठ हजारांवर लोक होते. १९९५ मध्ये स्वीडनच्या हेल्सिंगबोर्गमध्ये यजमानांनी ब्राझीलकडून ०-१ मार खाल्ला. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या आयोजकांनी मोठी स्टेडियमं घ्यायची जोखीम पत्करली, आणि जायंट्स स्टेडियमवर डेन्मार्कविरुद्ध ७८,९७२ लोक जमले. मिया हॅमने सतराव्या मिनिटाला गोल केला, अमेरिका ३-० जिंकली. आज आपण ज्याला महिला फुटबॉलची बाजारपेठ म्हणतो, तिचा पाया त्या दुपारी घातला गेला असं माझं मत आहे. पासाडेनामधल्या अंतिम सामन्याचा नव्वद हजारांचा आकडा सगळे सांगतात, पण तो पहिल्या दिवसाच्या पोटातूनच आला.

यजमानांना पहिला सामना बऱ्याचदा जड जातो, हे मात्र खरं. २०११ मध्ये बर्लिनमध्ये जर्मनीने कॅनडाला २-१ असं जेमतेम हरवलं. २०१५ मध्ये एडमंटनमध्ये कॅनडाला चीनविरुद्ध भरपाईच्या वेळेत पेनल्टी मिळाली, क्रिस्टिन सिंक्लेअरने ती घातली, सामना १-०. २०१९ मध्ये पॅरिसमध्ये फ्रान्सने दक्षिण कोरियाला ४-० उडवलं खरं, पण उपांत्यपूर्व फेरीत ते बाहेर पडले. (२००७ मध्ये शांघायमध्ये जर्मनीने अर्जेंटिनाला ११-० हरवलं होतं, पण जर्मनी तिथे गतविजेता होती, यजमान नव्हे. तसे सामने क्वचितच होतात.)

जड का जातो? एक कारण सरळ स्पर्धेच्या रचनेत आहे. २०१५ आणि २०१९ मध्ये २४ संघ होते. सहा गटांतले पहिले दोन पुढे जात, शिवाय तिसऱ्या क्रमांकाच्या संघांपैकी चार. म्हणजे पहिला सामना हरलात तरी सावरायला जागा होती. ऑस्ट्रेलियानेच २०१९ मध्ये इटलीविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणी १-२ असा पहिला सामना घालवला आणि तरी गटातून पुढे गेली. २०२३ मध्ये पहिल्यांदाच ३२ संघ आले, आठ गट झाले, आणि तिसऱ्याची सोय गेली. ऑस्ट्रेलियाच्या गटात ऑलिंपिक विजेती कॅनडा होती, आफ्रिकेतली सर्वांत यशस्वी नायजेरिया होती. आयर्लंड विश्वचषकात पहिल्यांदाच आलेली. कागदावर सोपा पेपर हा एकच, आणि तो पहिला. असा पेपर चुकला तर पुढे पळता भुई थोडी होते.

दुसरं कारण दुसऱ्या बाजूला असतं. पाहुण्या संघाला गमवायला काही नसतं. आयर्लंडच्या प्रशिक्षक व्हेरा पाऊ बचावात पाच जणी ठेवून खेळायच्या. जागा द्यायची नाही, चेंडू उंच आला की डोक्याने परतवायचा, आणि कर्णधार कॅटी मॅककेबच्या डाव्या पायाची वाट बघायची. हा संघ शारीरिक झटापटीला घाबरणारा नव्हता. तरी सहाच दिवस आधी, ब्रिस्बेनमध्ये कोलंबियाशी बंद दाराआडचा सराव सामना इतका धसमुसळा झाला की वीस मिनिटांत तो थांबवावा लागला. मधल्या फळीतली डेनिस ओसलिव्हन नडगीला मार लागून रुग्णालयात गेली. आयरिश लोकांनी तो आठवडा तिच्या नडगीची चौकशी करण्यात घालवला. ती सिडनीत खेळली.

आता गुस्तावसन यांच्या जागी बसून बघा. ऑस्ट्रेलियाचे हे तेव्हाचे स्वीडिश प्रशिक्षक. करची पोटरी गेली, हातात एक रात्र. बातमी सांगितली तर आयर्लंडला आपला बचाव पुन्हा आखायला वेळ मिळतो, आणि पंच्याहत्तर हजार माणसं तोंड पाडून मैदानात येतात. नाही सांगितली तर निदान आयर्लंडचा गृहपाठ तरी वाया जातो. त्यांनी झाकून ठेवलं. तिकिटाचे पैसे मोजलेल्या पोरांची फसवणूक झाली अशी कुरकुर करता येईल, पण संघ कुणाला आपली ताकद आधी सांगून खेळत नाही. एरवी डावीकडून धावणारी केटलिन फोर्ड मध्ये सरकली, तिच्या जागी कोर्टनी व्हाइन आली, आणि विशीतल्या मेरी फाउलरला पुढे उभं केलं. कर्णधाराचा पट्टा स्टेफ कॅटलीच्या दंडावर गेला.

त्याच दिवशी सिडनीच्या तीन तास आधी ऑकलंडच्या ईडन पार्कवर स्पर्धा सुरू झाली होती. हे मैदान मराठी वाचकाला वेगळ्या कारणाने माहीत आहे: मार्च १९९४ मध्ये सिद्धूची मान आखडली म्हणून सचिन तेंडुलकर एकदिवसीय सामन्यात पहिल्यांदा सलामीला गेला तो इथेच, आणि ४९ चेंडूंत ८२ काढून आला. एरवी ते रग्बीचं देऊळ. फुटबॉलला तिथे दुय्यम मान. न्यूझीलंडमध्ये तिकिटं इतक्या संथपणे खपत होती की प्रायोजकातर्फे वीस हजार तिकिटं फुकट वाटायची वेळ आली. संघाचा इतिहासही उत्साह वाढवणारा नव्हता. पाच विश्वचषक, पंधरा सामने, बारा पराभव, तीन बरोबऱ्या, विजय एकही नाही. समोर नॉर्वे, १९९५ ची विश्वविजेती, आडा हेगरबर्गसह.

आणि त्या सकाळी ऑकलंडच्या मध्यवस्तीत, बांधकाम सुरू असलेल्या एका इमारतीत गोळीबार झाला. दोन कामगार मारले गेले, हल्लेखोरही मेला. काही संघांची हॉटेलं तिथून जवळच होती. स्पर्धा पुढे ढकलणार का, याचं उत्तर काही तासांत द्यायचं होतं. पंतप्रधानांनी सामना होणार असल्याचं सांगितलं. संध्याकाळी ४२,१३७ माणसं आली. न्यूझीलंडमध्ये फुटबॉलच्या कुठल्याही सामन्याला, पुरुषांच्या धरून, तोवर एवढी गर्दी कधी झाली नव्हती. आधी मृतांसाठी सगळे स्तब्ध उभे राहिले, मग खेळ. अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला जॅकी हँडने उजवीकडून चेंडू दिला, हॅना विल्किन्सनने तो जाळ्यात टाकला. शेवटाकडे रिया पर्सिव्हलची पेनल्टी आडव्या खांबावर आदळली आणि सगळ्यांचा जीव टांगणीला लागला, पण १-० टिकलं. न्यूझीलंडच्या पुरुषांनाही विश्वचषकात तोवर एक सामना जिंकता आला नव्हता. तो देशाचा पहिला विजय.

तेवढ्यावर मात्र थांबलं. पुढे फिलिपाइन्सने त्यांना हरवलं, स्वित्झर्लंडशी बरोबरी झाली, आणि महिला विश्वचषकात गटातच गारद होणारी ती पहिली यजमान ठरली. सलामीच्या विजयाने स्पर्धा पार पडत नाही, हे त्यांना अवघ्या दहा दिवसांत कळलं.

सिडनीत पहिला अर्धा तास आयर्लंडची भिंत हलेना. कर राखीव खेळाडूंच्या बाकाजवळ बसून बघत होती. ५२ व्या मिनिटाला मरिसा शिवाने पेनल्टीच्या चौकटीत हेली रासोला ढकललं. पंचांचा हात पांढऱ्या ठिपक्याकडे गेला आणि कॅटलीने चेंडू घातला. शेवटची पंधरा-वीस मिनिटं आयर्लंडने ऑस्ट्रेलियाला घाम फोडला, बरोबरी झाली असती तरी कुणाला अन्याय वाटला नसता. १-०. पुढच्या सामन्यात नायजेरियाने ऑस्ट्रेलियाला ३-२ हरवलं तेव्हा या एका गोलाची किंमत कळली. पुढे करही परतली आणि ऑस्ट्रेलिया उपांत्य फेरीपर्यंत गेली.

या करचा आपल्याकडचा धागा सांगायलाच हवा. तिचे वडील कोलकात्यात जन्मलेले अँग्लो-इंडियन. शिवाय २०२३ च्या या विश्वचषकाची आशियाई पात्रता ठरली ती महाराष्ट्रात. जानेवारी-फेब्रुवारी २०२२ मध्ये महिला आशिया चषक नवी मुंबई, मुंबई आणि पुण्यात झाला. अंधेरीच्या मैदानावर ऑस्ट्रेलियाने इंडोनेशियाला १८-० हरवलं. त्यातले पाच गोल करचे, आणि त्याच दिवशी ती टिम केहिलचा पन्नास गोलांचा विक्रम ओलांडून ऑस्ट्रेलियाची सर्वाधिक गोल करणारी खेळाडू झाली, पुरुष धरूनही. नंतर बालेवाडीत कोरियाच्या जी सो-युनने ८७ व्या मिनिटाला गोल करून त्यांना घरी पाठवलं.

यजमान भारताचा पहिला सामना २० जानेवारीला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर, इराणशी होता. २००३ नंतर भारतीय महिला या स्पर्धेत पहिल्यांदाच, आणि चांगली कामगिरी झाली तर विश्वचषकाचं दार किलकिलं होणार होतं. प्रशिक्षक थॉमस डेनर्बी, कर्णधार आशालता देवी. ओमिक्रॉनची लाट चढलेली. हॉटेल ते मैदान एवढंच जग, आणि चाचण्या. दोघी जणी आधीच विलगीकरणात होत्या. भारताने संधी बऱ्याच मिळवल्या, गोल एकही झाला नाही. ०-०. तीन दिवसांनी चिनी तैपेईशी सामना होता, पण तोवर इतक्या जणी करोनाबाधित झाल्या की नियमाप्रमाणे लागणाऱ्या किमान तेरा खेळाडूही उभ्या करता येईनात. सामना झाला नाही. नियमानुसार भारताने माघार घेतली असं धरलं गेलं आणि इराणविरुद्धची बरोबरीही नोंदीतून रद्द झाली. वर्षभराची तयारी एका सामन्यापुरती, आणि तोही हिशेबात नाही.

त्या संघातल्या काही जणी जुलै २०२५ मध्ये थायलंडच्या चिआंग माईत होत्या. तिथे यजमानांना २-१ हरवून भारत पात्रता फेरी खेळून आशिया चषकाला पहिल्यांदा पात्र ठरला. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. त्या पात्रता फेरीची हकिगत पुढच्या आठवड्यात.