रात्री संगणक बंद करावा की चालू ठेवावा?

संध्याकाळचा वर्ग सुटत होता. वह्या आवरता आवरता एका मावशींनी आम्हांला विचारले, "गुरुजी, माझी सून डेअरीत दुधाचं लिहिते. आता वही गेली, कंप्युटर आला. रात्री कुलूप लावताना ती म्हणते, चालूच राहू द्या, सारखा बंद-चालू केला तर बिघडंल. चेअरमन म्हणतात, बंद कर, बिल येतं. खरं कुणाचं?"

प्रश्न चांगला होता. शिरूर आणि दौंड तालुक्यांत आज गावोगाव संगणक आहेत. ग्रामपंचायतीत आहे, सोसायटीत आहे, शाळेत आहे, दूध केंद्रात आहे. सकाळी किती लिटर दूध घातले, फॅट किती लागली, हे सगळे त्यात उतरते. त्यावरूनच दुधाचा पगार निघतो. त्या पगारावर घरचा बाजार, पेंड आणि मुलांच्या वह्या अवलंबून असतात. म्हणून संगणक नीट राहिला पाहिजे, आणि त्यातला हिशेबही नीट राहिला पाहिजे. यंत्र बिघडले तर दुरुस्त होते. पण हिशेब पुसला गेला तर कुणाचे किती लिटर, हे कोण सांगणार?

आधी एक गोष्ट समजून घेऊ या. संगणकाजवळ जणू एक फळा आहे आणि एक वही आहे. चालू काम तो फळ्यावर करतो. काम झाले, की ते वहीत उतरवून घेतो. ह्या उतरवण्यालाच ‘सेव्ह करणे’ म्हणतात. फळा विजेवर जगतो. वीज गेली, की फळा त्याच क्षणी कोरा होतो. वहीत लिहिलेले मात्र वीज नसतानाही टिकते. ही वही म्हणजे संगणकाच्या पोटातली डिस्क.

आता समजा, रात्री संगणक चालू ठेवून आपण घरी गेलो. मध्यरात्री वीज गेली. फळ्यावर जे राहिले होते, ते गेले. त्याच वेळी वहीत काही लिहिणे चालले असेल, तर ओळ अर्धवट तुटते. पुष्कळदा संगणक सकाळी ती दुरुस्त करून घेतो. पण कधी कधी तुटलेल्या ओळीमुळे सगळे पानच वाचता येत नाही.

कुणी म्हणेल, "आमच्याकडे यूपीएस आहे." यूपीएसमध्ये बॅटरी असते. वीज गेल्यावर काम आवरायला दहा-पंधरा मिनिटे मिळावीत, एवढ्यासाठी ती आहे. रात्रभर पुरण्यासाठी नव्हे. वीज दोन तास गेली, की बॅटरी संपते आणि संगणक धाडकन बंद पडतोच. शिवाय बॅटरी अशी वारंवार तळापर्यंत रिकामी झाली, की तिचे आयुष्य कमी होते. लॅपटॉपचे थोडे वेगळे आहे. त्याची बॅटरी त्याच्या पोटातच असते, आणि ती संपत आली की बहुतेक लॅपटॉप आपले काम वहीत ठेवून स्वतःच निजतात.

वीज जाणे हे जसे एक संकट, तसे वीज येणे हे दुसरे. शेतकरी मंडळींना हे सांगायला नको. घोड आणि भीमेच्या काठी शेतीच्या विजेला पाळ्या चालत आल्या आहेत. कधी दिवसाची पाळी, कधी रात्रीची. रात्री दोनला वीज येणार, आणि उसात बिबट्या असण्याची भीती. अशा वेळी मोटार चालू करायला कोण जाणार? म्हणून पुष्कळ जण स्टार्टर ‘ऑटो’वर टाकून झोपतात. वीज आली, की मोटार आपोआप सुरू होते. सोय होते खरी. पण एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम उठतात. उठताना मोटार नेहमीच्या कित्येक पट वीज ओढते. डीपीवर ताण पडतो आणि विजेचा दाब खालीवर होतो. वस्तीवरच्या घरातला दिवा कसा मंद होतो आणि एकदम उजळतो, ते तुम्ही पाहिले असेल. त्या तारेवर जर संगणक चालू असेल, तर तो धक्का त्यालाही बसतो.

मग सूनबाईंचे म्हणणे सगळे खोटे का? नाही. त्या समजुतीला मूळ आहे. जुना तारेचा बल्ब आठवा. तो बहुधा बटण दाबताक्षणीच जायचा. थंड तार एकदम तापली, की ती तुटायची. पहिले संगणक अशाच तापणाऱ्या काचेच्या नळ्यांवर, म्हणजे व्हॉल्व्हवर चालत. अमेरिकेत १९४६ साली एनिॲक नावाचा संगणक लोकांसमोर आला. त्यात सुमारे १८,००० नळ्या होत्या. त्या जास्त करून तापताना आणि निवताना जात. म्हणून तो शक्यतो बंद करीत नसत. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली संगणक तयार होऊन कामाला लागला. १९६२ साली त्याला टिफ्रॅक हे नाव मिळाले. त्यातही सुमारे २,७०० नळ्या होत्या. अशा यंत्रांच्या काळात ‘बंद केला तर बिघडेल’ ही भीती खरी होती.

पण आजच्या संगणकात त्या नळ्या नाहीत. आता फिरणारा भाग म्हणजे पंखा, आणि जुन्या पद्धतीची डिस्क असेल तर तिची तबकडी. अशा तबकड्या साधारण ५०,००० वेळा सुरू-बंद होण्याच्या हिशेबाने केलेल्या असतात. रोज रात्री एकदा बंद केले, तर तेवढा आकडा गाठायला सव्वाशेहून जास्त वर्षे लागतील. तोवर यंत्र राहणार नाही आणि आपणही राहणार नाही! नव्या डिस्कमध्ये तर फिरणारे काहीच नसते. उलट रात्रभर चालू ठेवले, की पंखा रात्रभर फिरतो आणि धूळ आत ओढतो. उन्हाळ्यात आपल्याकडची धूळ किती, हे काय सांगावे? धूळ साचली, की यंत्र तापते आणि तापले की लवकर थकते.

आता चेअरमन साहेबांचे बिल पाहू. हिशेब वहीत मांडा. काम नसताना चालू असलेला साधा टेबलावरचा संगणक सुमारे ५० वॅट वीज घेतो. रात्री ८ पासून सकाळी ६ पर्यंत १० तास होतात. ५० गुणिले १० म्हणजे ५००. हजाराचा एक युनिट, म्हणून हा झाला अर्धा युनिट. महिन्याचे १५ युनिट. वर्षाचे १८० युनिट. ९ वॅटचे पाच दिवे रिकाम्या खोलीत रात्रभर जाळण्यासारखे हे झाले. तुमच्या बिलावर एका युनिटचा दर छापलेला असतो. त्याला १८० ने गुणा. जो आकडा येईल, तेवढे पैसे काही काम न होता गेले.

संगणकाला ‘स्लीप’ म्हणजे डुलकीही घेता येते. डुलकीत तो दोन-तीन वॅटच घेतो आणि हात लावताच जागा होतो. जेवायला किंवा बाजाराला जायचे असेल, तर डुलकी पुरे. पण डुलकीत फळा पुसलेला नसतो. वीज गेली, की तोही जातो. म्हणून रात्रीसाठी डुलकी पुरेशी नाही.

काही यंत्रे मात्र रात्री चालूच हवीत. दौंड जंक्शनात रात्रभर गाड्या येतात आणि जातात. तिथली सिग्नलची यंत्रणा निजून कशी चालेल? पुण्यात १९८८ साली सी-डॅक ही संस्था निघाली. तिने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक केला. असले मोठे संगणक एकेक गणित तासन्‌तास सोडवतात. पण त्यांच्यासाठी विजेची वेगळी सोय असते, थंडाव्याची सोय असते आणि लक्ष ठेवायला माणसे असतात. अहो, आपल्या डेअरीतच पाहा. दूध थंड ठेवणारी टाकी रात्रभर चालू लागते, कारण तिच्यात दूध आहे आणि ते चार अंशांवर राहिले पाहिजे. मग हिशेबाच्या संगणकाला विचारा, "बाबा, रात्री तुझ्यात काय काम आहे?" काम असेल तर चालू ठेवा. नसेल तर बंद करा.

मात्र बंद करणे म्हणजे वायर उपटणे नव्हे. तसे केले तर वीज गेल्यासारखेच झाले. बंद असे करावे:

१. चाललेले काम सेव्ह करा आणि उघडी पाने मिटवा.

२. दिवसाच्या हिशेबाची एक नक्कल पेन ड्राइव्हवर घ्या. तो ड्राइव्ह काढून दुसरीकडे ठेवा.

३. ‘शट डाउन’ निवडा. ‘अपडेट चालू आहे, बंद करू नका’ असे दिसले तर थांबा. उशीर झाला म्हणून बटण दाबू नका.

४. पडदा काळा झाला आणि पंखा थांबला, की मग भिंतीवरचे बटण बंद करा.

५. वैशाखातला वळीव असो की परतीचा पाऊस, ढग गडगडू लागले की प्लगच काढा. इंटरनेटची तांब्याची तार असेल तर तीही काढा. विजेचा लोळ जवळ पडला, तर बंद बटणालाही तो जुमानत नाही.

आणखी एक लक्षात ठेवा. २०१२ सालापासूनच्या विंडोजमध्ये ‘शट डाउन’ केले, तरी लवकर उठता यावे म्हणून संगणक काही गोष्टी मनात धरून ठेवतो. यंत्र अडखळू लागले, तर ‘रीस्टार्ट’ करा. त्याने पाटी खरोखर कोरी होते.

दुसऱ्या दिवशी हे सगळे मावशींना सांगितले. त्या म्हणाल्या, "म्हंजे चुलीगतच की! निजताना निखारे राखेत झाकायचे, पाणी ओतायचं नाही आणि जाळ ठेवायचा नाही."

आम्ही म्हटले, "अगदी तसेच. सूनबाईंना सांगा, बंद करायला भिऊ नका. घाईने बंद करायला मात्र भ्या."