संगणकावरील कूटकथा : ‘ब्रोकन एज’ आणि तिचे पूर्वज

संगणकावर खेळावयाच्या खेळांचे प्रकार पुष्कळ आहेत. बहुतेकांत हातांची चपळाई हीच खेळाडूची पुंजी असते. परंतु एक प्रकार असा आहे की, ज्यात चपळाईला काडीचीही किंमत नाही. पडद्यावर एक चित्र दिसते. त्यात एखादे पात्र उभे असते. कोठे बंद दार, कोठे गंजलेले कुलूप, कोठे एखादा तिरसट पहारेकरी. वस्तूंवर टिचकी मारावी, सापडेल ते पिशवीत घालावे, भेटेल त्याच्याशी बोलावे आणि पुढची वाट कशी मोकळी होईल याचा विचार करीत स्वस्थ बसावे. इंग्रजीत यास ‘पॉइंट अँड क्लिक ॲडव्हेंचर’ म्हणतात. मराठीत ‘कूटकथा’ म्हणावयास हरकत नसावी. कारण कूट आणि कथा यांचा सांधा कसा जुळला आहे यावरच अशा खेळाचे सारे बरेवाईट अवलंबून असते.

या कुळाचा मूळपुरुष अमेरिकेतला. केंटकी संस्थानातील मॅमथ केव्ह या अफाट गुहेत हिंडलेल्या विल क्राउदर यांनी १९७६ च्या सुमारास तिच्यावरून एक खेळ रचला आणि १९७७ साली डॉन वुड्स यांनी तो वाढविला. त्यात चित्र मुळीच नव्हते. वर्णन वाचावयाचे आणि आज्ञा अक्षरांनी लिहावयाची. रोबर्टा विल्यम्स यांच्या १९८४ च्या ‘किंग्ज क्वेस्ट’मध्ये रंगीत चित्रातून राजाचा सरदार चालू लागला, तरी आज्ञा लिहिणे सुटले नव्हते. ती कटकट लुकासफिल्म या संस्थेतील रॉन गिल्बर्ट आणि गॅरी विनिक यांनी १९८७ च्या ‘मॅनिॲक मॅन्शन’मध्ये दूर केली. चित्राखाली क्रियापदांची पाटीच मांडली : उघड, ढकल, दे, वाच. क्रियापदावर टिचकी, मग वस्तूवर टिचकी, की वाक्य पुरे झाले. कर्ता, कर्म, क्रियापद यांचा धडा इतक्या आनंदाने क्वचितच कोणी गिरविला असेल.

तथापि त्या काळचे कित्येक खेळ खेळाडूच्या जिवावर उठलेले असत. १९९० च्या ‘किंग्ज क्वेस्ट’च्या पाचव्या भागात नायकाजवळ एक गोड पदार्थ असतो. भूक लागली म्हणून त्याने तो खाल्ला, तर पुढे हिममानव आडवा येतो तेव्हा त्याच्या तोंडावर फेकावयास काही उरत नाही आणि खेळ तेथेच आटोपतो. ही चूक चूक आहे हे आधी कळण्याची सोयच नव्हती. गिल्बर्ट यांनी १९८९ साली एक लेख लिहून अशा रचनेवर कडक टीका केली होती, आणि १९९० च्या ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’मध्ये ती टीका आचरणात आणून दाखविली. त्यात चाचे होऊ पाहणारा तरुण तलवारीचे द्वंद्व लढतो, पण हार-जीत ठरते ती टोमण्यास चपखल उलट टोमणा देण्यावर. वाटेवरील चाच्यांशी लढत लढत उत्तरे गोळा करावयाची. आणि मग तलवारबाजीत निष्णात असलेल्या बाईंपुढे उभे राहावे, तो त्यांचे टोमणे अगदी निराळे! जुनीच उत्तरे नव्या टोमण्यांना कशी लागू पडतात हे तेथे ज्याचे त्याने ओळखावयाचे. कोडे सुटते तेव्हा हसूही येते, हे विशेष.

या कलेचा कळस मात्र १९९३ च्या ‘डे ऑफ द टेन्टॅकल’मध्ये दिसतो. टिम शेफर आणि डेव्ह ग्रॉसमन हे त्याचे कर्ते. तीन तरुण एकाच वाड्यात, परंतु तीन काळांत अडकले आहेत : एक आजच्या काळात, एक दोनशे वर्षे मागे, तर एक दोनशे वर्षे पुढे. लहानसहान वस्तू एका काळातून दुसऱ्या काळात पाठविता येतात. (कालयंत्र म्हणजे चक्क एक संडास आहे; अमेरिकन थट्टा कोठवर जाते पाहा.) भूतकाळातील तरुणाला विजेचा घट तयार करण्यासाठी शिर्का हवा आहे. शिर्का कोठेच नाही, पण वाइनची बाटली आहे. ती त्याने जमिनीत पुरावयाच्या एका पेटीत ठेवली, की चारशे वर्षांनी भविष्यातील मैत्रीण ती पेटी उघडते आणि आंबलेली वाइन, म्हणजे शिर्का, मागे पाठवून देते. तीच मैत्रीण आरंभी एका झाडाला लटकलेली असते. ते झाड दोनशे वर्षांपूर्वी तोडले असते, तर ती लटकलीच नसती. त्या काळी वाड्यात जॉर्ज वॉशिंग्टन उतरलेले आहेत आणि त्यांनी लहानपणी चेरीचे झाड तोडल्याची आख्यायिका अमेरिकेतील पोराबाळांना ठाऊक असते. झाड दुसऱ्याच फळाचे आहे. पण फळांना तांबडा रंग फासला की वॉशिंग्टन कुऱ्हाड उचलतात आणि भविष्यातील मुलगी धपकन खाली येते. उत्तर विक्षिप्त खरे, पण त्याचा प्रत्येक दुवा आधीच खेळाडूच्या डोळ्यांपुढे ठेवलेला असतो.

जुने ते सारेच सोने असे मात्र नव्हे. १९९१ च्या ‘मंकी आयलंड’च्या दुसऱ्या भागात भूल पाडलेल्या माकडाचा पाना म्हणून उपयोग करावयाचा आहे. ही कोटी अमेरिकन इंग्रजीतील ‘मंकी रेंच’ या शब्दावर उभी, आणि खुद्द इंग्लंडात त्या हत्याराला ‘स्पॅनर’ म्हणत असल्यामुळे तेथील खेळाडूंनी डोके धरले. १९९९ च्या ‘गेब्रियल नाइट’च्या तिसऱ्या भागात मांजराच्या केसांची मिशी करून वेषांतर करावयाचे कोडे तर कुचेष्टेचाच विषय झाले आहे. असल्या कोड्यांमुळे आणि त्याहीपेक्षा लोकांची रुची धावपळीच्या खेळांकडे वळल्यामुळे हा प्रकार मागे पडला. शेफर यांचा १९९८ चा ‘ग्रिम फँडँगो’ गुणीजनांनी नावाजला, पण तो खपला नाही.

म्हणूनच फेब्रुवारी २०१२ मध्ये शेफर यांनी आपल्या ‘डबल फाइन’ या संस्थेतर्फे अशा एका नव्या खेळासाठी लोकांकडून वर्गणी मागितली, तेव्हा जे घडले ते अपूर्व होते. मागणी ४ लाख डॉलरची. जमले ३३ लाखांहून अधिक, आणि देणारे होते ८७ हजारांवर. वस्तू अद्याप कल्पनेतही पुरी नसताना लोकांनी पैसे मोजले ते केवळ जुन्या आठवणींच्या विश्वासावर. तो खेळ म्हणजे ‘ब्रोकन एज’. बेत फुगत गेला, पैसा अपुरा पडू लागला, आणि २०१३ साली खेळाचे दोन भाग करावे लागले. पहिला जानेवारी २०१४ मध्ये आला, दुसरा एप्रिल २०१५ मध्ये.

चित्रे पाहावीत तर एखाद्या सुंदर बालपुस्तकाची पानेच. पीटर मॅककॉनेल यांचे संगीत प्रसन्न आहे. वेला नावाची मुलगी राक्षसाला बळी द्यावयासाठी निवडली गेली आहे आणि ती ते मुकाट्याने पत्करीत नाही. शे नावाचा मुलगा एका अवकाशयानात यंत्ररूपी आईच्या अति लाडाने गुदमरला आहे. खोट्याखोट्या संकटातून लोकरीच्या बाहुल्यांची सुटका करून तो विटून गेला आहे. दोन कथा आलटून पालटून चालतात, आणि पहिल्या भागाच्या शेवटी त्या ज्या रीतीने एकमेकींवर आदळतात तो प्रसंग कोणत्याही जुन्या खेळाच्या तोडीचा आहे.

मग उणे कोठे पडते? पहिल्या भागात कोडी इतकी हलकी आहेत की, विचाराची वेळ फारशी येत नाही. क्रियापदांची पाटी काढून टाकली आहे. एकच टिचकी सर्व काही करते. त्यामुळे वस्तू नुसती पाहावी, चाचपावी, तिच्यावरची एखादी मार्मिक टिप्पणी ऐकावी, हे जुने सुखही गेले. याविषयी तक्रार झाली. दुसऱ्या भागात कोडी कठीण केली, परंतु काठिण्य आले ते बाहेरून चिकटवल्यासारखे. शे वेलाच्या मुलखात आणि वेला शेच्या यानात; स्थळे बहुतांशी तीच, माणसेही तीच. कथा थबकते आणि यंत्रमानवांच्या तारा जोडीत बसावे लागते. त्यातही तारांच्या जोडणीचा नमुना एका पात्राच्या बाजूला दिसतो आणि उपयोगी पडतो दुसऱ्याला, ज्याचा पहिल्याशी काही संबंध आलेला नाही. खेळाडूला ते ठाऊक असते, पण पात्राला ठाऊक असण्याचे काही कारण नाही. ‘टेन्टॅकल’मध्ये तिघे मित्र वस्तू खरोखर एकमेकांकडे धाडीत; येथे ज्ञान हवेतून उडत येते. ज्या शेफर यांनी वाइनचा शिर्का करून दाखविला, त्यांच्याच हातून हे व्हावे याचा विषाद वाटतो.

२०१७ साली गिल्बर्ट आणि विनिक यांनीही वर्गणीच्याच मार्गाने ‘थिंबलवीड पार्क’ काढला. त्यात क्रियापदांची पाटी परत आली, आणि सोपी रीत व कठीण रीत अशा दोन वाटा आरंभीच ठेवल्या. ज्यांस कथाच हवी त्यांनी एकीने जावे, कोड्यांची हौस असणाऱ्यांनी दुसरीने. ‘डबल फाइन’नेही २०१६ मध्ये ‘टेन्टॅकल’ची नव्या चित्रांनिशी आवृत्ती काढली असून, तीत वाटेल तेव्हा १९९३ ची मूळ चित्रे पुढे आणता येतात. त्याच खेळातील वाड्याच्या एका खोलीत एक संगणक ठेवलेला आहे. पात्राला त्याच्यापुढे उभे केले, की १९८७ चा ‘मॅनिॲक मॅन्शन’ अथपासून इतिपर्यंत खेळता येतो.