समई कोणत्या खणात?

गेल्या वर्षी तुळशीची लग्ने आटोपली न आटोपली तोच आमच्या भाचीचे लग्न ठरले, आणि तिच्या रुखवतात ठेवावयाची पितळेची समई खरेदी करण्याची कामगिरी, घरातील एकमेव निरुद्योगी मनुष्य या नात्याने, प्रस्तुत लेखकावर येऊन पडली. बाजारात पायपीट करण्यापेक्षा हल्लीच्या रिवाजाप्रमाणे घरबसल्याच काम उरकावे, या विचाराने मी एका मोठ्या दुकानाचे संकेतस्थळ उघडले. समई ही देवापुढची वस्तू, तेव्हा ‘पूजासाहित्य’ या सदरात ती असणार, असे समजून तेथे गेलो, तो उदबत्त्या आणि कापूर यांचीच रेलचेल; ‘दिवे’ या सदरात शिरलो, तो विजेचे बल्ब आणि छताला टांगावयाची झुंबरे; ‘भांडी’ म्हणून जेथे लिहिले होते तेथे पितळेचे डबे होते, परातीही होत्या, समई मात्र नव्हती. पाऊण तासाच्या वनवासानंतर ती ‘गृहसजावट’ या सदराच्या पोटात, ‘शोभेच्या वस्तू’ नामक पोटसदरात, पितळी हत्ती आणि बुद्धाचे मुखवटे यांच्या संगतीत उभी असलेली आढळली. तोवर माझा उत्साह मावळला होता आणि संगणक बंद करताना मनात आले ते एवढेच, की आपले वय झाले, यातले आपल्याला काही कळत नाही.

वाट चुकलेले गिऱ्हाईक स्वतःलाच दोष देते. दुकानाच्या दफ्तरी नोंद राहते ती इतकीच, की अमुक वाजता एक इसम आला, त्याने नऊ पाने चाळली आणि काही न घेता तो निघून गेला. तो का गेला, याची कैफियत त्या दफ्तरात कोठेच नसते. डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८८ साली नित्योपयोगी वस्तूंच्या मानसशास्त्रावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या मनुष्यस्वभावाची दखल घेऊन असा निवाडा दिला आहे, की दार ओढावे की ढकलावे हे ज्याला उमगत नाही तो अपराधी नव्हे, दार घडविणारा अपराधी होय. पेठेतील जुन्या कापडदुकानात हा प्रश्न उद्भवत नसे. गादीवर बसलेला दुकानदार आलेल्या मंडळींच्या चेहऱ्याकडे आणि सोबतच्या वडीलधाऱ्या बाईकडे एकवार पाहूनच ताडत असे, की यांना लग्नाचा बस्ता बांधावयाचा आहे की बारशाचे अंगडे-टोपडे हवे आहे, आणि गिऱ्हाईक बावरले असे दिसताच गादीवरून हाक जात असे. संकेतस्थळाला डोळे नाहीत. ते त्यास काही काळापुरते उसने देण्याची जी रीत आहे, तिला त्या धंद्यातील मंडळी ‘यूजेबिलिटी टेस्टिंग’ म्हणतात. आपण तीस वापरसुलभतेची चाचणी म्हणू.

चाचणी दिसावयास अगदी साधी असते. दुकानाशी ज्याचा नोकरीचा वा नात्याचा संबंध नाही असा एक मनुष्य बोलावून आणावयाचा, त्याच्या हाती संगणक अथवा फोन द्यावयाचा, एखादे काम सांगावयाचे, आणि ते करीत असता मनात जे जे येईल ते मोठ्याने बोलावयास त्यास विनवावयाचे. अँडर्स एरिक्सन आणि हर्बर्ट सायमन या दोघा पंडितांनी १९८० साली असे प्रतिपादन केले, की काम चालू असतानाचे असे बोलणे हा विचारांचा पुष्कळसा विश्वसनीय पुरावा असतो, परंतु काम संपल्यावर ‘आपण असे का केले?’ म्हणून विचारले असता मनुष्य जे सांगतो, त्यावर तितका भरवसा ठेवता येत नाही. १९८२ साली आयबीएम कंपनीतील क्लेटन लुईस याने ही पद्धत संगणकाच्या क्षेत्रात आणली, आणि आजही तीच मुख्य आहे.

अवघड काय असेल तर शेजारी बसणाऱ्याने गप्प राहणे. कोर्टात आपल्या साक्षीदारास सूचक प्रश्न विचारण्याची वकिलास मुभा नसते, तोच दंडक येथेही आहे. साक्षीदाराने ‘येथे दाबू का?’ असे विचारले तर ‘मी येथे नसतो, तर आपण काय केले असते?’ एवढेच उत्तर द्यावयाचे. ज्याने महिनोन्‌महिने खपून दुकानाच्या सदरांचा मेन्यू रचला तो गृहस्थ शेजारच्या खोलीत पडद्यावर हा सोहळा पाहत असला, तर त्याची जी तगमग होते ती वधूपित्यालाही होत नसेल. समोरचा मनुष्य योग्य शब्दावरून तीन वेळा बोट फिरवितो आणि चौथ्यांदा भलतीकडेच जातो!

काम सांगतानाही वाणीवर संयम हवा. जेरेड स्पूल या अमेरिकन परीक्षकाने सांगितलेली हकीकत येथे देण्याजोगी आहे. आयकिया या सुप्रसिद्ध स्वीडिश दुकानाच्या संकेतस्थळाची चाचणी चालली असता लोकांना ‘पुस्तकांचे कपाट शोधा’ असे सांगण्यात आले, तेव्हा सर्वांनी शोधाच्या चौकटीत तोच शब्द टंकून कपाट काढून दाखविले, आणि सारे आलबेल आहे असे भासले. मागाहून काम असे सांगितले गेले, की ‘तुमच्यापाशी दोनशेहून अधिक पुस्तके आहेत, ती खोक्यांतून दिवाणखान्यात पसरली आहेत, त्यांची काही व्यवस्था लावा’. त्याबरोबर लोकांची वागण्याची तऱ्हाच पालटली, ते दुकानाच्या वाटांनी हिंडू लागले आणि निराळेच शब्द योजू लागले. पहिल्या प्रश्नात उत्तर दडलेले होते. गिऱ्हाईक घरून निघते ते गरज घेऊन, दुकानाने वस्तूला दिलेले नाव घेऊन नव्हे.

अशी माणसे किती बोलवावीत, याविषयी या धंद्यात मोठे वितुष्ट आहे. मूळचे डॅनिश असलेले जेकब नील्सन यांनी टॉमस लँडाउअर यांच्यासमवेत १९९३ साली एक गणित मांडले. एक मनुष्य सरासरीने ३१ टक्के दोष उघडकीस आणतो असे धरल्यास दुसरा त्यांतील काहींची पुनरुक्ती करतो, तिसरा आणखी पुनरुक्ती करतो, आणि पाचव्यापर्यंत सुमारे ८५ टक्के दोष हाती येतात; म्हणून पाचांवर थांबावे. उलटपक्षी, २००१ साली स्पूल आणि त्यांचे सहकारी विल श्रोडर यांनी खरेदीच्या संकेतस्थळांच्या चाचण्यांवरून दाखवून दिले, की पहिल्या पाच माणसांकडून जेमतेम ३५ टक्के दोषच सापडले. मला दोन्ही पक्ष आपापल्या जागी खरे वाटतात. एखाद्या लहानशा अर्जाच्या नमुन्यावरून सारेच एका वाटेने जातात, परंतु हजारो जिनसांच्या दुकानात एकास समई हवी असते तर दुसऱ्यास सायकलचा पंप, आणि दोघांच्या वाटा एकमेकींस कोठे मिळतीलच असे नाही. पंधरा जणांचा खर्च परवडत असेल तर पाच-पाचांच्या तीन पंगती बसवाव्यात आणि प्रत्येक पंगतीनंतर दुरुस्ती करावी, असे खुद्द नील्सन यांचेच म्हणणे आहे, व ते शहाणपणाचे आहे.

स्पूल यांचीच आणखी एक गोष्ट या व्यवसायात पुराणकथेसारखी सांगितली जाते. एका मोठ्या दुकानात माल निवडून झाल्यावर, पैसे भरण्यापूर्वी, ‘नोंदणी करा’ असे बटण आडवे येत असे, आणि पुन्हा येणाऱ्या गिऱ्हाइकास या नोंदणीने सोयच होते, असा चालकांचा दृढ समज होता. चाचणीत निराळेच दिसले: नव्या माणसाला ती जबरदस्ती वाटे, आणि जुन्यास आपण कोणत्या पत्त्याने व कोणत्या परवलीच्या शब्दाने नोंदणी केली होती याचे स्मरण नसे. बटणावरील शब्द बदलून ‘पुढे चला’ असा केला आणि नोंदणी सक्तीची नाही असे खाली लिहिले, एवढ्याने खरेदी पूर्ण करणाऱ्यांची संख्या ४५ टक्क्यांनी वाढली व वर्षभरात तीस कोटी डॉलरची अधिक विक्री झाली. ही हकीकत लिहिताना स्पूल यांनी त्या दुकानाचे नाव दिले नव्हते.

दुकानातील या वाटांविषयी, म्हणजे ज्यास ‘नॅव्हिगेशन’ म्हणतात त्याविषयी, काही अंधश्रद्धाही रूढ आहेत. कोणतीही वस्तू तीन क्लिकांच्या आत सापडली पाहिजे, हा त्यांतील पहिला मंत्र. २००३ साली जोशुआ पोर्टर यांनी ४४ जणांनी केलेली ६२० कामे तपासली, तेव्हा क्लिकांची संख्या आणि यश यांचा काहीही संबंध आढळला नाही. आपण योग्य दिशेने चाललो आहोत अशी खात्री असेल तर मनुष्य बारा पायऱ्याही चढतो. दुसरा मंत्र असा, की मेन्यूत सातांहून अधिक शब्द नसावेत. जॉर्ज मिलर यांच्या १९५६ च्या निबंधावरून हा उचलला गेला, परंतु तो निबंध अल्पकाळ स्मरणात धरावयाच्या गोष्टींविषयी आहे, आणि डोळ्यांसमोर असलेली यादी कोणी पाठ करीत नाही. १९९८ साली मायक्रोसॉफ्टमधील केविन लार्सन व मेरी चेर्विन्स्की यांनी ५१२ नोंदी निरनिराळ्या रीतींनी रचून पाहिल्या. त्यांत आठ-आठांच्या तीन मजल्यांची आटोपशीर रचना सर्वांत मंद ठरली आणि सोळा व बत्तीस शब्दांचे रुंद दोन मजले सरस ठरले.

वाटा आखण्यापूर्वी कागदाच्या चिठ्ठ्यांवर वस्तूंची नावे लिहून त्यांचे ढीग लोकांकडूनच लावून घ्यावेत, यास ‘कार्ड सॉर्टिंग’ म्हणतात. आणि चित्रे, रंग, शोधाची चौकट सारे काढून टाकून केवळ सदरांचा सांगाडा पुढे ठेवावा व त्यातून मनुष्य मुक्कामी पोहोचतो की नाही ते पाहावे, ती ‘ट्री टेस्टिंग’. माझ्या दुकानाने यांतील एक जरी केले असते, तर समईची चिठ्ठी सजावटीच्या ढिगात फारशी कोणी टाकली नसती.

तथापि खरा पेच ढिगाचा नाहीच. समई ही पूजेची वस्तू आहे, पितळेची आहे, दिवा आहे आणि भेटही आहे. मग तिला एकाच खणात का कोंडावे? हा प्रश्न ज्याने मुळापासून सोडविला तो पुरुष आपल्याच देशातला. शियाळी रामामृत रंगनाथन हे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवीत असत. १९२४ साली त्यांची मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथपालपदी नेमणूक झाली आणि त्या शास्त्राच्या अभ्यासाकरिता ते लंडनला गेले. एका ग्रंथाला एकच ठरीव घर देणारी ड्यूई यांची १८७६ ची वर्गीकरणपद्धती त्यांना अपुरी वाटत होती. अशात ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील सेल्फ्रिजेस या दुकानात त्यांनी मेकॅनो हे खेळणे पाहिले, ज्याच्या त्याच पट्ट्या आणि तेच स्क्रू निरनिराळे जोडून निरनिराळी यंत्रे उभी राहतात. विषयांचीही अशीच जोडणी करता येईल, या कल्पनेतून १९३३ साली त्यांची द्विबिंदू वर्गीकरणपद्धती प्रसिद्ध झाली, जीत व्यक्तित्व, द्रव्य, क्रिया, स्थल आणि काल या पाच पैलूंनी विषयाची ओळख पटविली जाते.

पुढे हीच पैलूंची कल्पना संगणकात शिरली. बर्कली विद्यापीठात मार्टी हर्स्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ३५,००० कलाचित्रांचा संग्रह पैलूंनी रचून कलेतिहासाच्या ३२ विद्यार्थ्यांकडून त्याची चाचणी घेतली व २००३ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. बहुतेकांनी नेहमीच्या शोधापेक्षा हीच रचना पसंत केली. आज खरेदी करताना डाव्या हाताला धातू, उंची, किंमत, प्रसंग असे जे ‘फिल्टर’ दिसतात, ते याच कुळातील. एका दुकानातील खेळण्यावरून ग्रंथालयात गेलेली कल्पना अशी फिरून दुकानात आली, आणि तेथे रंगनाथन यांचे नाव कोणासही ठाऊक नाही, याची मला खंत वाटते. वाचकाचा वेळ वाचवा, हा त्यांच्या १९३१ च्या पंचसूत्रीतील चौथा नियम तरी दुकानदारांनी भिंतीवर लावावयास हरकत नाही.

मराठी गिऱ्हाइकाची अडचण आणखी एका पदराची आहे. २०२१ साली अॅमेझॉनने आपले भारतातील दुकान मराठीतही खुले केले, ही आनंदाची गोष्ट. पण पाट्यांचे भाषांतर झाले म्हणजे खणांचेही भाषांतर झाले असे नव्हे. इंग्रजीत विचार करून आखलेल्या सदराला मराठी नाव दिले, की समई ‘गृहसजावटी’त जाते आणि चपला ‘पादत्राणे’ होऊन परक्या वाटू लागतात. त्यातही मराठी एक नाही. नागपूरकडील गृहिणी ‘सांभार’ मागते तेव्हा तिला कोथिंबीर हवी असते. तिच्यापुढे सांबाराचा मसाला मांडणाऱ्या यंत्राची चूक पुण्यामुंबईच्या पाच जणांना बसवून केलेल्या चाचणीत जन्मात उघडकीस यावयाची नाही. जे मराठीत दुकान थाटतात त्यांनी नागपूर, कोल्हापूर, रत्नागिरी, लातूर येथील चार-चार माणसे बोलवावीत, त्यांना चहा पाजावा, काम सांगावे आणि मग तोंड मिटून बसावे, अशी माझी त्यांना विनंती आहे. यास फार मोठे भांडवल लागत नाही.

समई आम्ही अखेर तुळशीबागेतून आणली. दुकानदाराने मान वर करून दोनच प्रश्न विचारले: ‘रुखवतात ठेवायची, की रोज लावायची? आणि उंची किती हवी?’