ग्रामसभेकडून प्रभागाकडे : बोदवड येथील स्थित्यंतर

शासन व नागरिक यांना जोडणारा दुवा म्हणून स्थानिक संस्थांचा विचार करताना प्रतिनिधींचे मंडळ आणि मतदारांची सभा यांत भेद करणे अवश्य आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमान्वये गावचा प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सभासद असतो. पंचायतीचा जमाखर्च, विकासाच्या योजना व लाभार्थ्यांची निवड या सभेपुढे येतात. शासनाचे निर्णय तेथे गावकऱ्यांस कळतात आणि गावकऱ्यांची तक्रार तेथेच ठरावाचे रूप घेते.

जळगाव जिल्ह्यातील बोदवड या तालुक्याच्या ठिकाणी पूर्वी ग्रामपंचायत होती. पुढे नगरपंचायत आली. ग्रामीण अवस्थेतून नागरी अवस्थेत जाणाऱ्या क्षेत्रांसाठी अशा संस्थेची तरतूद १ जून १९९३ रोजी अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने केली. या बदलाने बोदवडला १७ प्रभागांचे नगरसेवक व शासननियुक्त मुख्याधिकारी लाभले. ग्रामसभा मात्र लोपली. प्रभाग समिती तिची जागा घेईल असे म्हणावे, तर संविधानाने त्या समितीची सक्ती तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या नगरपालिकांपुरतीच केली आहे. बोदवड या मर्यादेच्या पुष्कळच खाली आहे.

परिणामी, पिण्याच्या पाण्यासारखा जो प्रश्न सर्वांसमक्ष विचारता येई, तो आता बहुधा नगरसेवकाच्या दारी एकेकट्याने न्यावा लागतो. म्हणून नागरीकरणाचे मोजमाप केवळ रस्ते, नळ व निधी यांवरून करणे अपुरे होय. नागरिकांस उघडपणे जाब विचारण्याचे स्थान उरले किंवा नाही, हेही पाहिले पाहिजे.